पाऊस पडला की तळ्यातली कोळंबी मऊ पडते: कुठे बघायचं, काय करायचं

तक्रार दरवर्षी तीच असते. जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस होतो आणि तीन-चार दिवसांत चेक ट्रेमध्ये (खाणं तपासायला तळ्यात ठेवलेल्या तबकात) मऊ कोळंबी दिसू लागते. कडेला काती (टाकलेली जुनी कवचं) तरंगतात, तळाशी दोन-चार मेलेली सापडतात, खाणं निम्म्यावर येतं. मग दुकानातून मिनरल मिक्सच्या पिशव्या येतात. आठवड्याभरात जरा सावरतं आणि पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा तेच. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीच्या पाण्यावर व्हॅनामेई (तळ्यात वाढवायची पांढऱ्या पायांची कोळंबी) घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

अशा वेळी जो तो रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, मोजायचं उपकरण) काढतो आणि म्हणतो, 'सॅलिनिटी 15 वरून 11 वर आली, म्हणून झालं.' व्हॅनामेई 11 पीपीटीत (पाण्याच्या हजार भागांत 11 भाग मीठ) मजेत वाढते. अगदी 3-4 पीपीटीतही वाढते, उन्हाळ्यात 40 च्या वर गेलेलं पाणीही सोसते. तेव्हा नुसता आकडा खाली गेला हे कारण पुरत नाही. तो किती वेगाने खाली गेला आणि त्याच्याबरोबर पाण्यातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि आल्कलिनिटी (आम्ल झेलणारं बायकार्बोनेट) कुठे गेली, हे बघावं लागतं. रिफ्रॅक्टोमीटर यातलं काहीही सांगत नाही.

आधी रोग नाही ना, ते बघा

मऊ कवच म्हटलं की लगेच मिनरल, असं करू नका. कवचावर पांढरे ठिपके, अंगावर लालसर झाक, खाणं एकदम बंद आणि मलूल कोळंबी कडेला आलेली, असं असेल तर व्हाइट स्पॉट या विषाणूच्या रोगाचा संशय घ्या आणि आधी पीसीआर (रोगजंतू ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी) करून घ्या. निकाल येईपर्यंत तळ्याचं पाणी बाहेर सोडू नका, शेजाऱ्याचं पीक धोक्यात येईल. पाण्यात अचानक बदल झाला की दबून असलेला हा विषाणू उसळी मारतो, त्यामुळे पावसानंतर मर झाली म्हणून रोग नाही असं गृहीत धरता येत नाही.

ईएचपीचं (कोळंबीच्या पाचक ग्रंथीत वाढणारा सूक्ष्म परजीवी) लक्षण वेगळं. तिथेही माल मऊ असतो, पण एकाच तळ्यात लहान-मोठी कोळंबी दिसते, वाढ खुंटते, कधी पांढरी विष्ठा तरंगते, आणि या सगळ्याचा पावसाशी संबंध नसतो. हेही पीसीआरनेच कळतं. मऊपणा महिनाभर पावसाविना चालू असेल तर पुढचं वाचण्याआधी ही तपासणी उरका.

रोग नसेल, तर एक कोळंबी हातात घ्या. डोक्यावरचं कवच अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबा. नुकतीच कात टाकलेली कोळंबी मऊ लागणारच. धडधाकट जनावराचं कवच एक-दोन दिवसांत कडक होतं. त्यामुळे एकदा बघून काही ठरत नाही. मऊ निघालेल्या दहा-पंधरा कोळंब्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात त्याच तळ्यात ठेवा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दाबून बघा. तरीही मऊ असतील तर कात टाकण्यात अडचण नाही, कवच भरण्यात अडचण आहे. शेपटीच्या पंख्याचं टोकही भिंगातून, जमल्यास सूक्ष्मदर्शकातून बघा. कात टाकायच्या आधी जुन्या कवचाच्या आतली कातडी कडेपासून मागे सरते आणि टोकाशी एक पारदर्शक पट्टी मोकळी दिसते. बऱ्याच कोळंब्यांत ही पट्टी दिसली तर एक-दोन रात्रींत मोठ्या प्रमाणावर काती पडणार. त्या रात्री एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद पडता कामा नये आणि नवं पाणी घेऊ नये.

आणखी एक खूण आहे. दुपारच्या उन्हात ट्रे उचलल्याबरोबर कोळंबी वाकडी होऊन आखडते, शेपटीकडचं मांस पांढरट पडतं आणि पाण्यात सोडली तरी सरळ होत नाही. याला पेटका म्हणा. पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी असल्याचा हा बहुतेक वेळा पहिला इशारा असतो आणि तो मऊपणाच्या आधी दिसतो. अशी कोळंबी दोन-तीन दिवस लागोपाठ दिसली की पाणी प्रयोगशाळेत पाठवा.

कोळंबीच्या अंगात काय चालतं

व्हॅनामेईच्या रक्ताचा खारेपणा साधारण 25 पीपीटीच्या पाण्याशी जुळतो. पाणी तेवढंच खारट असेल तर तिला मीठ आत-बाहेर करण्यासाठी फारसे कष्ट पडत नाहीत. पाणी त्याहून गोडं झालं की दोन गोष्टी एकदम सुरू होतात: बाहेरचं पाणी कल्ल्यांतून अंगात शिरतं आणि अंगातले क्षार बाहेर झिरपतात. गळक्या होडीतून पाणी उपसावं तसं तिला चोवीस तास काम लागतं. जास्तीचं पाणी ती लघवीवाटे टाकते, पण तिची लघवी रक्ताइतकीच खारट असते, म्हणजे पाण्याबरोबर मीठही जातं. गेलेलं मीठ परत खेचायचं काम पडतं कल्ल्यांवर.

कल्ल्यांच्या पेशींत त्यासाठी एक पंप असतो. तो सोडियम एका बाजूला ढकलतो, त्याच्या बदल्यात पोटॅशियम घेतो आणि या कामात ऊर्जा जाळतो. पोटॅशियम नसेल तर तो फिरतच नाही, आणि ज्या ऊर्जेवर तो चालतो ती वापरायला मॅग्नेशियम लागतं. म्हणून दोन तळ्यांत सॅलिनिटी सारखीच 10 असली तरी एकात कोळंबी खेळते आणि दुसऱ्यात आखडते. दुसऱ्या तळ्यात मीठ आहे, पण पंप चालवणारा क्षार नाही.

सॅलिनिटी घसरली की पेशीही फुगू लागतात. ते टाळायला पेशी आपल्यातली ग्लायसिन, प्रोलिनसारखी मोकळी अमिनो आम्लं कमी करतात. त्यांतला बराच भाग जाळला जातो आणि त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यात येतो. पावसानंतर खाद्य कमी करूनही अमोनिया वाढलेला दिसतो, त्यात याचाही वाटा असतो. (जास्त खाऱ्या पाण्यातली कोळंबी चवीला गोड लागते ती याच अमिनो आम्लांमुळे. चोखंदळ खाणाऱ्याला हा फरक जिभेवर कळतो.)

यात कात टाकण्याची वेळ आली की ओझं दुप्पट. जुनं कवच निघताना कोळंबी भरपूर पाणी शोषून फुगते, म्हणजे नवं कवच मोठ्या मापाचं बनतं. त्या काही तासांत तिची त्वचा सर्वात जास्त पाझरते आणि ऑक्सिजनही जास्त लागतो. मग कवच कडक करायला कॅल्शियम आणि कार्बोनेट हवं. गोड्या पाण्यातला क्रेफिश पोटात कॅल्शियमचे खडे साठवून ठेवतो. आपल्या कोळंबीकडे असा साठा जवळपास नाही, तिला बहुतेक कॅल्शियम त्याच वेळी कल्ल्यांतून पाण्यातून घ्यावं लागतं. कार्बोनेटसाठी पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजेच आल्कलिनिटी हवी. दोन्हींपैकी एक कमी पडलं की कवच अर्धवट राहतं, आणि मऊ कोळंबीला बाकीच्या कोळंब्या खातात. तळाशी मेलेली कोळंबी कमी सापडते आणि हार्वेस्टला मात्र संख्या भरत नाही, त्याचं एक कारण हे.

फॉस्फरसचं गणित उलटं आहे. तो पाण्यात नगण्य असतो, खाद्यातूनच यावा लागतो. पावसात आठवडाभर खाद्य तोडून ठेवलं तर तीही कमतरता येते. एक-दोन दिवस कमी करा, मग ट्रे बघून पुन्हा वाढवा.

पाऊस खरोखर किती पाणी गोडं करतो

हिशोब करून बघा. एक एकराचं तळं, सरासरी खोली 1.2 मीटर, म्हणजे सुमारे 4,850 घनमीटर पाणी. 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे त्यात साधारण 405 घनमीटरची भर. सॅलिनिटी 15 असेल तर नीट मिसळल्यावर ती 14 च्या किंचित खाली येते. कोकणात एखाद्या रात्री 250 मिलिमीटर पडतो तेव्हा ती साडेबाराच्या आसपास जाते. नुसत्या या घसरणीने जनावर मरत नाही.

आता दुसरा हिशोब. पावसाळ्यात खाडीचं पाणी 3 पीपीटीवर आलेलं आहे आणि तुम्ही तळ्याचं 20 टक्के पाणी बदललंत. 15 ची सॅलिनिटी 12.6 होते. जे काम अडीचशे मिलिमीटर पावसाने केलं असतं ते उघाडीतून (खाडीचं पाणी तळ्यात घ्यायच्या दारातून) एका भरतीत झालं. म्हणून पावसाळ्यात आत घ्यायचं पाणी भरतीच्या शेवटच्या टप्प्यात, आणि उघाडीच्या तोंडाशी तळाचा नमुना मोजूनच घ्या. गोडं पाणी हलकं, ते खाडीत वरून वाहतं. खालचं पाणी कित्येकदा दुप्पट खारट असतं. पंपाचं तोंड खाली सोडलं तर तेच पाणी मिळतं.

तळ्यातही हेच घडतं. पावसाचं पाणी वर पसरतं आणि खाली खारट थर राहतो. दोन्ही मिसळत नाहीत, तळाला हवा पोहोचत नाही, काळ्या गाळातला हायड्रोजन सल्फाइड वर येऊ लागतो आणि पाणी आम्लाकडे झुकलं की तो आणखी विषारी होतो. कोळंबी तर तळाशीच राहते. त्यामुळे पाऊस चालू असतानाच सगळे एरेटर चालू ठेवा आणि वरचं गोडं पाणी आउटलेटच्या वरच्या फळ्या काढून जाऊ द्या. वीज जाणार हे धरून जनरेटरचं डिझेल आधीच भरून ठेवा. नमुना नेहमी तळाचा घ्या: काठीला बाटली बांधून, बूच दोरीला लावून, तळाशी नेऊन बूच ओढायचं. वरच्या पाण्याचा आकडा अशा दिवशी काही कामाचा नाही.

पीएच कोसळण्यामागेही पाऊस आहे. पावसाचं पाणी मुळातच आम्लधर्मी, पीएच साधारण 5.6. त्यात आभाळ दाटलेलं, शेवाळ मरतं, कार्बन डायऑक्साइड साठतो. खाजणाच्या जुन्या खारफुटीच्या मातीत लोह आणि गंधक एकत्र असतं. उन्हाळ्यात बांध सुकून भेगाळले की त्यातून आम्ल तयार होतं आणि पहिला पाऊस ते धुऊन तळ्यात आणतो. बांधाच्या उतारावर गंजासारखे तांबूस ओघळ दिसत असतील तर तुमच्याकडे हेच चाललंय. त्याला उपाय मे महिन्यात करायचा: पाऊस लागण्याआधी बांधाच्या आतल्या उतारावर शेतीचा चुना पसरा. जुलैत तळ्यात टाकलेल्या चुन्यापेक्षा तो कितीतरी जास्त काम करतो.

पाणी कुठे पाठवायचं, काय विचारायचं

प्रयोगशाळेत अर्धा लिटर तळाचं पाणी स्वच्छ बाटलीत द्या आणि पाच आकडे मागा: सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि टोटल आल्कलिनिटी. नुसती टोटल हार्डनेस घेऊ नका. ती कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकत्र मोजते आणि पोटॅशियम तिच्यात नसतंच.

आकडे आले की तुलना समुद्राशी करायची. 35 पीपीटीच्या समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 10,500 मिलिग्रॅम सोडियम, 1,350 मॅग्नेशियम, 400 कॅल्शियम आणि 380 पोटॅशियम असतं. तुमच्या सॅलिनिटीला किती हवं ते काढायला सॅलिनिटीला पोटॅशियमसाठी 10.7 ने, कॅल्शियमसाठी 11.6 ने आणि मॅग्नेशियमसाठी 39.1 ने गुणा. म्हणजे 10 पीपीटीला पोटॅशियम 107, कॅल्शियम 116, मॅग्नेशियम 391. सोडियम भागिले पोटॅशियम 28 च्या आसपास यावं. ते 50-60 च्या वर गेलं असेल तर पेटका कशामुळे येतो ते कळलं.

खाडीचं पाणी नुसतं पातळ झालं असेल तर ही प्रमाणं फार बिघडत नाहीत. ती बिघडतात बोअरच्या खाऱ्या पाण्यात, कारण जमिनीतली चिकणमाती पोटॅशियम धरून ठेवते. तळ्याची चिकणमातीही तेच करते, म्हणून टाकलेलं पोटॅशियम काही आठवड्यांनी कमी झालेलं दिसतं. हरियाणात, समुद्रापासून इतक्या दूर, खाऱ्या भूजलावर कोळंबी वाढवताना हाच प्रश्न सर्वात मोठा होता. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या लाहली इथल्या केंद्राने अशा पाण्यात पोटॅशियमची भर घालून कोळंबी वाढवण्यावर काम केलं आहे. आपल्याकडे ज्यांनी उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून तळ्याच्या बाजूला बोअर मारली आहे, त्यांनी त्या बोअरचं पाणी वेगळं तपासून घ्यावं.

डोस: पिशवीवरचं चित्र बाजूला ठेवा

एकराला 10 किलो मिनरल मिक्स, असं सांगितलं जातं. 4,850 घनमीटर पाण्यात 10 किलो म्हणजे लिटरला फक्त 2 मिलिग्रॅम, आणि तेही पिशवीत फक्त पोटॅशियम आहे असं धरलं तर. समजा, तपासणीत लिटरला 40 मिलिग्रॅम पोटॅशियम कमी निघालं, तर तुम्हाला भर घालायची आहे 40 मिलिग्रॅमची.

40 मिलिग्रॅमसाठी 194 किलो पोटॅशियम लागतं. खताच्या दुकानातल्या म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये साधारण निम्मं पोटॅशियम असतं, म्हणजे सुमारे 390 किलो. खर्च बघून दचकायला होतं, मान्य आहे. पण हे एकदम नाही, चार-पाच हप्त्यांत टाकायचं आहे आणि किलोमागे ते मिनरल मिक्सपेक्षा स्वस्त पडतं. पाण्यात विरघळवून, एरेटर चालू असताना पसरा. मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम सल्फेट, ज्यात साधारण 10 टक्के मॅग्नेशियम, किंवा मॅग्नेशियम क्लोराइड, ज्यात 12 टक्के. कॅल्शियम क्वचितच कमी निघतं. निघालंच तर जिप्सम, त्याने पीएच हलत नाही.

आल्कलिनिटी लिटरला 100 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी तिच्याकडे बघा, बाकी नंतर. ती 120 च्या वर आणि सकाळ-संध्याकाळच्या पीएचमधला फरक अर्ध्याच्या आत, एवढं साधलं तरी निम्मा त्रास जातो. खायचा सोडा सर्वात लवकर काम करतो: आल्कलिनिटी लिटरला 1 मिलिग्रॅमने वाढवायला घनमीटरला 1.68 ग्रॅम. आपल्या तळ्यात 30 ने वाढवायला सुमारे 245 किलो, तीन-चार रात्रींत विभागून. शेतीचा चुना पीएच 8.3 च्या वर असताना विरघळत नाही, तो गाळात पडून राहतो, म्हणून पहाटेचा पीएच खाली असेल तरच टाका. कळीचा किंवा विरवलेला चुना घाबरून भरदुपारी टाकू नका: पीएच उडी मारतो, आणि पावसानंतर वाढलेला अमोनिया त्याच क्षणी विषारी रूपात जातो.

नायट्राइटवरही नजर ठेवा. कल्ल्यांतून आत यायला नायट्राइट आणि क्लोराइड एकाच दारावर उभे असतात. पाणी गोडं झालं की क्लोराइड कमी होतं आणि नायट्राइटला वाट मोकळी मिळते. लहान व्हॅनामेईसाठी सुरक्षित धरलेली नायट्राइट-नायट्रोजनची पातळी 35 पीपीटीला लिटरमागे 25.7 मिलिग्रॅम आहे, ती 15 पीपीटीला 6.1 वर येते. एप्रिलमध्ये चाललेला आकडा जुलैत चालत नाही.

अमावस्या आणि उधाण

अमावस्या-पौर्णिमेला कोळंबी कात टाकते हे प्रत्येक तळेवाला सांगेल, आणि ट्रेमध्ये ते दिसतंही. पण त्याच दिवसांत उधाण असतं, आणि पाणी बदलायचं तर आपण उधाणाच्या भरतीलाच बदलतो. पाणी बदललं की कात टाकायला चालना मिळते. म्हणजे ज्या रात्री जनावर सर्वात नाजूक, त्याच रात्री आपण त्याला खाडीचं गोडं पाणी देतो. पावसाळ्यात पाणी घ्यायचंच असेल तर उधाणात साठवण तळ्यात घ्या, मोजा, दुरुस्त करा, आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत थोडं थोडं आत सोडा. साठवण तळ्याला जागा जाते म्हणून लोक नाखूश असतात. माझ्या मते दहा टक्के जागा त्यासाठी गेली तरी परवडते.

बियाण्याचंही तसंच. आपल्याकडे येणारं बरंचसं बियाणं पूर्व किनाऱ्यावरच्या हॅचऱ्यांतून, जवळपास समुद्राच्या खारेपणातून येतं. पीएल 10-12 च्या (पोस्ट-लार्व्हा, म्हणजे पिल्लाच्या अवस्थेच्या दहाव्या-बाराव्या दिवसाच्या) आधी कल्ले पुरेसे तयार नसतात, त्याआधीचं बियाणं गोड्या पाण्यात सोडू नये. हॅचरीला आठवडाभर आधी तुमच्या तळ्याची सॅलिनिटी कळवा आणि पॅकिंगच्या आधी टाकीतच हळूहळू उतरवून घ्यायला सांगा.

समुद्रातही हेच, पण संथ

औद्योगिक काळाआधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे 8.2 होता, आता तो 8.1 च्या आसपास आहे. आकडा लहान दिसतो, पण आम्लता त्याने पाव हिश्श्याहून जास्त वाढली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत डंजनेस खेकड्याच्या पिल्लांची कवचं झिजलेली सापडल्याचं 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदवलं आहे. खेकडा असो की कोळंबी, आम्ल वाढलं की ती रक्तात बायकार्बोनेट साठवून तोल सांभाळते. हे काम करणारे कल्लेच असतात, मीठ खेचणारे तेच. दोन्ही कामं एकाच वेळी आली की वाढीसाठी ऊर्जा उरत नाही. तुमच्या तळ्यात पहाटे चार वाजता पीएच 7.4 वर असतो आणि सॅलिनिटी उतरलेली असते, तेव्हा कोळंबीवर हा दुहेरी भार असतो. खाडीतली रानटी कोळंबी अशा वेळी पाण्याबरोबर खाली सरकून खारट पट्टा गाठते. तळ्यातल्या कोळंबीला जायला जागा नाही. ते पाणी तुम्हालाच जागेवर आणावं लागतं.

मऊ माल असताना हार्वेस्ट

पाऊस लागला, भाव पडतोय, माल मऊ आहे, काढावा की थांबावं? शंभर कोळंब्या ठिकठिकाणच्या फेकजाळ्यातून घ्या आणि दाबून मोजा. मऊ दहाच्या वर असतील तर व्यापारी कापणारच. ऑक्सिजन लिटरला 4 मिलिग्रॅमच्या वर टिकत असेल, मर थांबलेली असेल आणि आल्कलिनिटी उचलून दिली असेल तर दोन-तीन दिवस थांबा, त्याच पाण्यात, पाणी न बदलता. तिसऱ्या दिवशी पुन्हा शंभर मोजा. आकडा निम्म्यावर आला असेल तर आणखी एक-दोन दिवस मिळवायला हरकत नाही. तेवढाच राहिला आणि रोज मेलेली सापडत असेल, तर आणखी मिनरल ओतू नका, माल काढून घ्या.